वर्षाच्या वहीतले कोरे पान : कठीण वर्षाचा आढावा घेणाऱ्या एका कुटुंबाचे प्रकरण

हे प्रकरण माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका कुटुंबाचे आहे. कुटुंबातील चौघांच्या संमतीने ते येथे मांडत असून, ओळख पटू शकेल असे तपशील बदलले आहेत. ज्या व्यक्तीपासून प्रकरण सुरू झाले त्यांना, घरात धाकटा भाऊ हाक मारतो त्याप्रमाणे, ताई म्हटले आहे. प्रश्न वरवर पाहता लहान होता : वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी एका वहीत एक पान लिहायचे की नाही. तो सोडवताना माझ्याकडून झालेली एक चूक आणि घरच्यांनी स्वतः घेतलेले दोन-तीन निर्णय नोंदवून ठेवण्याजोगे वाटले, म्हणून हे लेखन.

पार्श्वभूमी

ताईंचे वय ४६ वर्षे असून व्यवसायाने त्या लेखापरीक्षक आहेत. मुलगी लहान असल्यापासून त्या आईवडिलांसोबतच राहतात. मुलगी आता सोळा वर्षांची आहे. भाऊ अविवाहित असून वेगळा, पण जवळच राहतो. बाबांनी एकोणीस वर्षांपूर्वी घरात एक प्रथा सुरू केली होती. वर्षाच्या अखेरच्या दिवशी संध्याकाळी एक जाड वही बाहेर काढायची, पहिली ओळ बाबांनी लिहायची आणि मग प्रत्येकाने आपापले एक पान भरायचे. दुसऱ्याचे पान वाचण्यास बंदी नव्हती, पण त्यावर बोलण्यास होती. वही मोठ्या अभिमानाने सांभाळलेली होती, असेही नाही. एका वर्षीच्या पानांवर पाणी सांडून शाई पसरलेली आहे आणि आणखी एका वर्षी भावाने फक्त स्वतःची सही केलेली आहे.

ज्या वर्षाबद्दल हे प्रकरण आहे त्या वर्षी फेब्रुवारीत बाबांना स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे कळले. आजार तोवर यकृतापर्यंत पोहोचला होता आणि शस्त्रक्रियेचा मार्ग उरला नव्हता. ९ मे रोजी भावाची नोकरी गेली. ११ जुलैला बाबा गेले. सप्टेंबरात आई न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रियेनंतर तिला वॉकर घेऊन पुन्हा चालायला शिकावे लागले. ऑक्टोबरात ताईंची बढती हुकली. वर्षभरात त्यांनी घेतलेल्या रजा हे त्याचे कारण होते, जरी तसे कोणी उघड म्हटले नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ताई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी वहीचा विषय लगेच काढला नाही. झोप, चिडचिड, कामातल्या चुका याविषयी त्या बोलत राहिल्या. निघताना, दाराशी थांबून, त्या म्हणाल्या, “हे वर्ष मला पुसून टाकायचं आहे. पण ते पुसलं तर बाबांचं शेवटचं वर्षही त्यासोबत पुसलं जाईल.”

अडचण नेमकी काय होती

पहिल्या दोन भेटींत मला आधी हे पाहायचे होते, की हे दुःख आहे की त्याच्या आड उपचाराची गरज असलेला आजार आहे. ताईंची झोप तुटक होती, पण भूक बरी होती. त्या रोज कामावर जात होत्या. जीव नकोसा झाल्याचे विचार त्यांच्या मनात नव्हते. बाबांना जाऊन जेमतेम पाच महिने झाले होते. दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकाला आता स्वतंत्र विकार मानले जाते, परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान ६ महिन्यांची आणि अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०२२ च्या सुधारित नियमावलीत प्रौढांसाठी किमान १२ महिन्यांची अट आहे. त्यामुळे विकाराचे नाव देण्याचा प्रश्नच येत नव्हता. झोप आणखी बिघडली, काम थांबले किंवा मरणाचे विचार येऊ लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचे, एवढे मात्र आम्ही पहिल्याच भेटीत कागदावर लिहून ठेवले.

खरी गाठ वेगळ्याच ठिकाणी होती. “सगळं वर्ष रुग्णालयात गेलं,” असे ताई वारंवार म्हणत. मी त्यांना रात्री मोजायला सांगितल्या. हिशेबाची सवय असल्याने त्यांनी दुसऱ्या दिवशीच आकडा आणला : बाबांसाठी ३८ रात्री, आईसाठी ९ रात्री, एकूण ४७. ३६५ पैकी ४७ ही संख्या लहान नाही, तरी ती वर्षभर नक्कीच नाही. स्मृती असे का करते, याची एक बाजू कानेमन आणि सहकाऱ्यांच्या १९९३ मधील प्रयोगातून समजते. त्यात लोकांना एकदा ६० सेकंद १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात हात बुडवायला लावले आणि एकदा तसेच ६० सेकंद ठेवून पुढे आणखी ३० सेकंद, ज्यांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत वाढवले. पुन्हा कोणता अनुभव घ्याल, असे विचारल्यावर बहुतेकांनी एकूण त्रास जास्त असलेला दुसरा अनुभव निवडला, कारण त्याचा शेवट किंचित सुसह्य होता. अनुभव किती काळ चालला यापेक्षा त्यातला तीव्र क्षण आणि शेवट आठवणीत अधिक जागा घेतात. ताईंच्या वर्षात तीव्र क्षण आणि शेवट दोन्ही रुग्णालयातच होते, आणि त्यांनी उरलेले महिने गिळून टाकले होते.

याशिवाय आणखी एक गोष्ट होती, जी माझ्या लक्षात उशिरा आली. दुःखाची कागदपत्रे असतात. तपासण्यांचे अहवाल, बिले, रजेचे अर्ज, नोकरी संपल्याचे पत्र, मृत्यूचा दाखला. ताईंकडची निळी फाइल इतकी फुगली होती की तिला दोरी बांधावी लागली होती. आनंदाची मात्र पावती कोणी देत नाही. बाबा खोलीत हसले, याचा अहवाल कुठून येणार? ज्या बाईचे आयुष्य पुराव्याशिवाय नोंद मान्य न करण्यात गेले, तिच्यापुढे वर्षाची एकच बाजू सप्रमाण उभी होती.

विचारात घेतलेले पर्याय

वही या वर्षी उघडायचीच नाही, हा पहिला पर्याय ताईंचा होता. त्यात गैर काही नव्हते. परंतु न लिहिलेले पान वहीत कायमचे दिसत राहील आणि ते बाबांच्याच वर्षाचे असेल, ही कल्पना त्यांना सहन होत नव्हती.

भावाचे म्हणणे होते की फक्त चांगले तेवढे लिहावे. तो घरातला हसरा माणूस. नोकरी गेल्यावरही घरच्यांना चिंता नको म्हणून तो विनोद करीत राहिला होता. ताईंना हा पर्याय खोटा वाटत होता आणि त्यावरून दोघांत एकदा कडाक्याचे भांडणही झाले होते.

तिसरा पर्याय मी मांडला : मनातले सगळे, न थांबता, स्वतःपुरते लिहून काढणे. पेनबेकर आणि बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, आयुष्यातल्या क्लेशदायक घटनांबद्दल लिहिले होते. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या पुढील महिन्यांतल्या आरोग्य केंद्राच्या फेऱ्या तुलनेने कमी झाल्या. मात्र लिहून उठल्यावर त्या वेळी त्यांना अधिकच वाईट वाटत होते. वर्षअखेर तीन आठवड्यांवर आलेली, घरात नुकतीच चालू लागलेली आई, आणि ताई हीच घराची खांब. असे असताना हा मार्ग तेव्हा नको, असे आम्ही दोघांनी ठरवले.

चौथा पर्याय वर्षश्राद्धानंतर, म्हणजे पुढच्या जुलैनंतर, सावकाश लिहिण्याचा होता. तो आईने सुचवला असता, असे मला आज वाटते. पण तेव्हा आईला कोणी विचारलेच नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

पहिला प्रयत्न आणि तो का फसला

या पर्यायांवर बोलणे चालू असतानाच मी ताईंना एक गृहपाठ दिला : आठवड्याच्या शेवटी कृतज्ञता वाटावी अशा पाच गोष्टी लिहून आणायच्या. एमन्स आणि मॅक्युलो यांच्या २००३ मधील अभ्यासामुळे ही पद्धत आमच्या क्षेत्रात फार रुळली आहे, आणि मी ती जवळजवळ सवयीनेच दिली. त्या अभ्यासातली दर आठवड्याला यादी करणारी मंडळी महाविद्यालयीन विद्यार्थी होती. पाच महिन्यांपूर्वी वडील गमावलेल्या, शोकात असलेल्या व्यक्तीला ती पद्धत तशीच्या तशी लागू पडेल, असे मानण्याला मला कोणताही आधार नव्हता.

पुढच्या भेटीत ताईंनी कागद टेबलावर ठेवला. त्यावर एकच ओळ होती : “निदान आई तरी वाचली.” त्या शांतपणे म्हणाल्या, “आभार मानायचे म्हणजे कोणी तरी काही दिलेलं असावं लागतं. मला या वर्षात कोणी काय दिलं?” घरी हा कागद भावाच्या हाती लागला होता आणि, “बघ ताई, मी हेच सांगत होतो,” असे तो म्हणाल्यामुळे यादी आणखीच नकोशी झाली होती. म्हणजे माझ्या गृहपाठाने भांडणातल्या एका बाजूच्या हाती शस्त्र दिले होते.

त्या एका ओळीने मला मात्र काही शिकवले. ‘निदान’ हा शब्द त्या वर्षी त्या घरात दोनच अर्थांनी आला होता : एक डॉक्टरांच्या तोंडून, आणि दुसरा समजूत घालणाऱ्यांच्या. “निदान त्रास तरी फार झाला नाही.” “निदान शेवटी सगळे जवळ होते.” या दुसऱ्या ‘निदान’ने प्रत्येक चांगली गोष्ट नुकसानभरपाईच्या खात्यात जमा होत होती, आणि भरपाई घेतली की दावा सोडावा लागतो. ताईंना दावा सोडायचा नव्हता. त्यांचे म्हणणे बरोबरच होते.

त्याच आठवड्यात मी माझा नेहमीचा पहिल्या भेटीचा अर्ज काढून पाहिला. त्यात २२ प्रश्न होते आणि एकही प्रश्न बऱ्या गोष्टींबद्दल नव्हता. सुसान फोकमन यांच्या सान फ्रान्सिस्कोतील अभ्यासाची तेव्हा आठवण झाली. एड्सने आजारी असलेल्या जोडीदारांची शुश्रूषा करणाऱ्या पुरुषांच्या मुलाखती त्यात वारंवार घेतल्या जात होत्या, आणि अभ्यास सुरू होऊन फार दिवस झाले नसतानाच सहभागींनी तक्रार केली की तुम्ही फक्त ताणाच्या घटना विचारता, चांगल्या घटनांबद्दल का विचारत नाही. प्रश्न वाढवल्यावर जवळपास प्रत्येक मुलाखतीत काहीतरी सांगण्यासारखे निघाले. मरणाच्या इतक्या जवळ वावरणाऱ्या लोकांचे ते दिवस सोपे होते, असा याचा अर्थ फोकमन यांनी काढला नाही. दोन्ही भावना त्याच दिवसांत, एकमेकींना न हटवता राहू शकतात, एवढेच त्यातून पुढे आले. माझा अर्ज ताईंच्या निळ्या फाइलीसारखाच होता.

प्रत्यक्ष कृती

ताईंना पटेल अशी पद्धत त्यांच्याच व्यवसायातून मिळाली. आठवणीवर विसंबायचे नाही. वर्ष पुराव्यावरून पुन्हा मांडायचे. बारा मोठे कागद, प्रत्येक महिन्याला एक. प्रत्येक नोंदीत तारीख, कोण हजर होते आणि काय घडले, एवढेच लिहायचे. विशेषणे वापरायची नाहीत. ‘निदान’, ‘तरीही’ आणि ‘त्यातल्या त्यात’ या तीन शब्दांना बंदी. शेवटचा नियम ताईंनी स्वतः घातला : ज्याचा काही माग आहे अशीच नोंद करायची, मग तो माग छायाचित्र असो, फोनवरचा संदेश असो, चिठ्ठी असो, की दुसऱ्या माणसाची साक्ष.

सलग तीन रविवार, प्रत्येकी सुमारे दोन तास, हे काम त्यांच्या घरी जमिनीवर बसून झाले. पहिले दोन रविवार मी गेलो होतो. शेवटचा त्यांनी माझ्याविना केला. सुरुवात, दुर्दैवाने, निळ्या फाइलीपासून झाली आणि पहिला तास सगळ्यांना जड गेला. फेब्रुवारी, मार्च आणि जून हे कागद पाहता पाहता भरले. एप्रिल रिकामाच राहिला.

कोंडी मुलीने फोडली. तिने आतून एक पातळ वही आणली. बाबा, म्हणजे तिचे आजोबा, आजारी पडल्यापासून दोघे बुद्धिबळ खेळत होती, घरीही आणि रुग्णालयातही. आणि स्पर्धेत खेळणाऱ्या मुलांना लागते तशी प्रत्येक चाल लिहून ठेवण्याची तिला सवय होती. वहीत ३१ पूर्ण डाव होते. त्यांतले २२ आजोबांनी जिंकले होते, ६ नातीने, आणि ३ बरोबरीत सुटले होते. प्रत्येक डावावर तारीख होती. काही पानांच्या कडेला तिने बारीक अक्षरात लिहिले होते : “वजीर फुकट दिला, मग म्हणाले औषधामुळे झालं.” “नर्स चाल सांगत होती, आजोबा रागावले.” ताईंनी ती वही हातात घेतली आणि बराच वेळ कोणी बोलले नाही. तारखा जुळवल्यावर दिसले की एप्रिलच्या रिकाम्या कागदावर अकरा डाव येत होते. केमोथेरपीच्या दुसऱ्या दिवशीही एक डाव होता, चोवीस चालींचा.

त्यानंतर काम आपोआप पुढे सरकले. आईची रक्तदाब लिहिण्याची चिठ्ठी, भावाच्या फोनवरचे ध्वनिसंदेश, सप्टेंबरात फिजिओथेरपिस्टने काढलेले एक अस्पष्ट छायाचित्र, ज्यात आई वॉकरला धरून खिडकीपर्यंत पोहोचली आहे. जूनच्या एका ध्वनिसंदेशात बाबा औषधाचे लांबलचक नाव उच्चारण्याचा चार वेळा प्रयत्न करतात आणि मग नाद सोडून डॉक्टरांचेच नवे नाव ठेवतात. मागे भावाचे हसणे ऐकू येते.

निर्णयाचे क्षण

पहिला क्षण रंगांचा. सुरुवातीला माझ्या सूचनेवरून वाईट घटनांसाठी निळी शाई आणि चांगल्यांसाठी हिरवी, असे ठरले होते. दुसऱ्या रविवारी ९ मेच्या नोंदीवर ही व्यवस्था मोडली. भावाची नोकरी गेली त्याच आठवड्यापासून तो रोज रात्री बाबांजवळ राहू लागला. पुढच्या दोन महिन्यांत दोघे जितके बोलले तितके त्याआधीच्या दहा वर्षांत बोलले नव्हते, असे त्याने सांगितले. नोंद निळी की हिरवी यावर बहीणभावांत पुन्हा ठिणगी पडणार तोच मुलीने दोन्ही पेने बाजूला ठेवली आणि पेन्सिल घेतली. तिथून पुढे सगळ्या नोंदी पेन्सिलने झाल्या. मला विचाराल तर या साऱ्या प्रकरणातला सर्वांत योग्य निर्णय हाच होता, आणि तो मी घेतलेला नव्हता.

दुसरा क्षण आईचा. ती खचेल या भीतीने तिला या कामापासून दूर ठेवायचे, असे ताईंनी ठरवले होते आणि मीही विरोध केला नाही. आई शेजारच्या खोलीतून सगळे ऐकत होती. दुसऱ्या रविवारी ती वॉकर घेऊन बाहेर आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, “१० जुलैची नोंद माझी आहे.” आदल्या रात्री, सगळे बाहेर गेले असताना, बाबांनी तिला काहीतरी सांगितले आणि दोघे इतके हसले की तिला तोंडावर पदर धरावा लागला. काय सांगितले ते तिने उघड केले नाही. ही गोष्ट पाच महिने ती कोणाशी बोलली नव्हती, कारण दुसऱ्या दिवशी नवरा जाणार होता आणि आदल्या रात्री आपण हसलो, हे मुलांना कसे वाटेल याची तिला लाज होती. तिला मी केल्टनर आणि बोनॅनो यांचा १९९७ मधील अभ्यास समजेल अशा शब्दांत सांगितला : जोडीदार गेल्यानंतर काही महिन्यांनी त्याच्याबद्दल बोलताना जे लोक मनापासून हसले, त्यांचा मानसिक त्रास न हसणाऱ्यांपेक्षा कमी आढळला. हसण्यामुळेच त्रास कमी झाला, असे त्यावरून सिद्ध होत नाही. पण हसणे म्हणजे प्रेम आटल्याची खूण नव्हे, एवढे आईला ऐकायचे होते आणि तेवढे ते पुरले.

तिसरा क्षण ११ जुलैच्या कागदाचा. त्या दिवशीही काही तरी सापडेल, म्हणून भाऊ फोन चाळू लागला. मी त्याला थांबवले. त्या तारखेसमोर जे होते तेवढेच राहू दिले : पहाटेची वेळ, खोलीत कोण होते, आणि कोण वाटेवर होते. प्रत्येक दिवसातून आनंद काढायचाच, असा हट्ट धरला असता तर उरलेल्या दिवसांच्या नोंदीही संशयास्पद ठरल्या असत्या, आणि हिशेब तपासणाऱ्या ताईंना ते सर्वांत आधी जाणवले असते.

शेवटी भावाला एकूण नोंदींतल्या ‘बऱ्या’ किती ते मोजायचे होते. ताईंनी नकार दिला. या वर्षाचा ताळेबंद जुळणार नाही आणि तो जुळवायचाही नाही, असे त्या म्हणाल्या. १४३ नोंदी झाल्या होत्या, एवढी एकच संख्या कागदांच्या मागे लिहिली गेली.

निष्पत्ती

३१ डिसेंबरच्या संध्याकाळी वही उघडली गेली. पहिली ओळ कोणी लिहायची यावर दिवसभर कोणी बोलले नव्हते. शेवटी मुलीने तारीख घातली. ताईंनी पूर्ण पान लिहिले. त्यातला काही भाग त्यांनी मला नंतर वाचून दाखवला : फेब्रुवारीतला निकाल, बढतीचा राग, एप्रिलमधले अकरा डाव, आईची १० जुलैची रात्र, हे सगळे एकामागून एक, ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने. कोणतीही गोष्ट दुसरीचे उत्तर म्हणून आलेली नव्हती.

फेब्रुवारीतल्या भेटीत त्यांची झोप सुधारलेली दिसली. “वर्ष पुसायचं” हे शब्द त्यांनी पुन्हा वापरले नाहीत. पण हे प्रकरण येथे गोड झाले, असे लिहिणे बरोबर होणार नाही. वर्षश्राद्धाच्या आधीचे दोन आठवडे ताईंना अतिशय कठीण गेले, झोप पुन्हा तुटली आणि आधी ठरल्याप्रमाणे त्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटल्या. काही काळ औषध घ्यावे लागले. बढतीचा प्रश्न आजही तसाच आहे.

भावाने वहीत दोनच ओळी लिहिल्या. मार्चमध्ये तो एकटा माझ्याकडे आला आणि पहिल्या दहा मिनिटांतच रडू लागला. वर्षभर घराला हसवण्याची जबाबदारी त्याने स्वतःकडे घेतली होती, आणि त्याची चौकशी करणे आम्हा सर्वांकडून राहून गेले होते. त्याला नोकरी जूनमध्ये मिळाली, पगार आधीपेक्षा कमी.

वेगळे काय करता आले असते

कृतज्ञतेची यादी देण्याआधी मी विचार करायला हवा होता, हे उघड आहे. त्याहून गंभीर चूक भावाबाबत झाली. ताईंच्या नजरेतून पाहिल्यामुळे त्याचा उल्हास मला पळवाट वाटला. तोही शोक करीत होता आणि त्याची रीत वेगळी होती, हे मी पहिल्या भेटीतच ताडायला हवे होते. एकाच घरातल्या एका व्यक्तीला ऐकून बाकीच्यांचे चित्र रंगवण्याचा धोका आमच्या कामात नेहमीच असतो.

निळी फाइल शेवटी उघडायला हवी होती. आधी मुलीची वही, ध्वनिसंदेश, छायाचित्रे आणि मग कागदपत्रे, असा क्रम ठेवला असता तर पहिला तास इतका जड गेला नसता. आईला सुरुवातीपासून बोलवायला हवे होते. तिला जपण्याच्या नावाखाली आम्ही तिची साक्षच टाळत होतो.

मुलीबद्दल मात्र माझ्या मनात अजून शंका आहे. कामाची कोंडी तिच्यामुळे फुटली, रंगांचा प्रश्न तिने सोडवला, पहिली ओळही तिनेच लिहिली. सोळा वर्षांच्या मुलीवर घराच्या आठवणींची कारकुनी टाकली गेली का, हा प्रश्न मी ताईंना विचारला आणि त्यांनी तो मनावर घेतला. त्यानंतर मुलीला बुद्धिबळाच्या वर्गाला परत पाठवले गेले, आणि महिन्यांचे कागद गुंडाळून ठेवण्याचे काम ताईंनी स्वतः केले.

ही पद्धत सर्वत्र चालेल, असा माझा दावा नाही. या घराला आधीपासून लिहिण्याची सवय होती आणि वर्षात घडलेल्या गोष्टींत कोणी कोणावर केलेला अत्याचार नव्हता. जेथे जुने संदेश आणि छायाचित्रे पुन्हा पाहणेच जखम उघडी करणारे असते, किंवा जेथे जगण्याबद्दलच शंका निर्माण झालेली असते, तेथे जमिनीवर कागद पसरून बसणे योग्य नव्हे. तेथे आधी उपचार हवेत.

पहिल्या भेटीच्या माझ्या अर्जात मी तेविसावा प्रश्न घातला आहे : गेल्या महिन्यात कशावर तरी हसू आले का, आणि त्या वेळी जवळ कोण होते. पुष्कळ जण तो कोरा सोडतात. काही जण त्याच प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोठे लिहितात.

मुलीच्या वहीत ३२ वा डावही आहे, चौदा चालींपर्यंतचा. तारीख ७ जुलै. पुढची चाल तिची आहे. ताईंनी मला सांगितले की तिने तो डाव पटावर मांडून पाहिला, हत्ती उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि पुन्हा त्याच घरात ठेवला.